फुगलेलं पोट, तीन बाटल्या आणि एक घड्याळ

पहिल्या भेटीला त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच पिशवीतून तीन वस्तू काढून माझ्या टेबलावर मांडल्या: घरी केलेल्या कोम्बुचाची (साखर घातलेला चहा आंबवून केलेलं पेय) घट्ट झाकणाची बाटली, ‘प्रीबायोटिक’ असं ठळक छापलेला शीतपेयाचा कॅन आणि साध्या सोडा वॉटरची बाटली.

“यातलं पोटाला सगळ्यात चांगलं कुठलं, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “तिन्ही पिते. तरी संध्याकाळी पोट ढोलासारखं होतं.”

मी आहारतज्ज्ञ. पोटविकारांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. वय ४१, शिक्षिका, दिवसातले पाच-सहा तास उभं राहून बोलण्याचं काम. (त्यांना विचारून लिहितेय; ओळख पटेल असे तपशील बदललेत.) तक्रार पाच महिन्यांची. सकाळी उठल्यावर पोट सपाट, दुपारनंतर फुगायला सुरुवात, रात्री आठ-नऊपर्यंत कमरेचं बटण उघडावं लागायचं. शौचाला दिवसाआड, कधी दोन दिवसांनी, तेही कुंथून. वजन घटलेलं नाही, शौचात रक्त नाही, रात्री पोटदुखीने जाग येत नाही. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्ततपासणी आणि थायरॉइड डॉक्टरांनी आधीच बघून घेतलं होतं, दोन्ही ठीक. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ होती: ‘लोहाची कमतरता, पाळीत जास्त रक्तस्राव, उपचार चालू.’ ती ओळ मी वाचली आणि पुढे गेले.

कोम्बुचा सुरू होऊन चार महिने झाले होते. म्हणजे पोट आधी बिघडलं, कोम्बुचा नंतर आला. हा क्रम मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिला खरा, पण त्यावर विचार केला नाही. टेबलावर तीन बाटल्या उभ्या होत्या. बोट आपसूक त्यांच्याकडेच गेलं.

शाळेतल्या एका मैत्रिणीने त्यांना स्कोबी, म्हणजे चहा आंबवणारी जीवाणू-यीस्टची चकती, दिला होता, सोबत कृती लिहिलेला कागद. सुरुवातीला अर्धा पेला. पंधरा दिवसांत पोट जास्तच फुगायला लागलं, तेव्हा मैत्रीण म्हणाली, “आधी वाढतंच गं, वाईट जंतू मरत असतात ना. नेट लावून पी.” म्हणून प्रमाण वाढवलं. हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. मोठं सोयीचं वाक्य आहे. बरं वाटलं तर श्रेय पेयाचं, त्रास झाला तरी श्रेय पेयाचंच. असं औषध कधी नापास होतच नाही.

पिण्याचा हिशोब

खाण्याची नोंदवही सगळेच आहारतज्ज्ञ मागतात. पिण्याची वेगळी वही मी तेव्हापासून मागायला लागले. त्यांचा दिवस असा निघाला: सकाळी उपाशीपोटी २५० मिलिलिटर कोम्बुचा, दुपारी एकच्या सुमारास शाळेत तो कॅन (३३० मिलिलिटर), चार वाजता सोडा वॉटर ३०० मिलिलिटर, घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी मिळून आणखी ४५० मिलिलिटर कोम्बुचा.

आधी नुसत्या वायूचं बघू. एक लिटर पेयात किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलाय, त्याला इतके ‘पट’ म्हणतात. बाजारातली शीतपेयं साधारण साडेतीन ते चार पट असतात. त्यांची पेयं सरासरी तीन पट धरली, तरी १३३० मिलिलिटर द्रवाबरोबर दिवसाला चार लिटरच्या आसपास वायू पोटात जात होता. आकडा ऐकून त्या दचकल्या. मीही तेव्हा तो जरा नाटकीपणेच सांगितला, हे कबूल करायला हवं, कारण त्यातला बराचसा वायू ढेकरावाटे बाहेर येतो, उरलेला रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे जातो. प्यायलेला बुडबुडा मोठ्या आतड्यापर्यंत क्वचितच पोचतो. जेवणानंतर लगेच जड वाटलं तर त्याचा आळ या वायूवर घेता येईल. रात्री आठला फुगणाऱ्या पोटाचा हिशोब मात्र त्याने लागत नाही.

तिथे दुसरा वायू येतो, आतड्यात तयार होणारा. लहान आतड्यात जे शोषलं गेलं नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जीवाणू ते आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही माणसांत मिथेन निघतो. कॅनवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: इन्युलिन ६ ग्रॅम. इन्युलिन हा तंतूच (फायबर) आहे, आणि आतड्यातल्या काही जीवाणूंचं आवडतं खाद्यही. ‘प्रीबायोटिक’ म्हणतात ते याच अर्थाने. पण हा तंतू झटपट आंबतो, आणि बद्धकोष्ठ असलेल्या, आधीच भरलेल्या आतड्यात तो आंबला की वायूला पुढे सरकायला वाट नसते.

कोम्बुचाच्या बाटलीत त्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे बरणीतून काढून बाटलीत बंद करताना, सफरचंदाचा रस घालत होत्या, ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर. सफरचंदात ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट फ्रुक्टोज (फळातली साखर) असतं, वर सॉर्बिटॉल हा साखरेसारखाच गोड पदार्थ. जास्तीचं फ्रुक्टोज अनेकांच्या लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, आणि सॉर्बिटॉल सोबत असेल तर आणखीच कमी. शिवाय मूळ कोम्बुचात साखर उरलेली असतेच. एक लिटरला ८० ग्रॅम साखर घालून त्या सातव्या दिवशी बाटल्या भरायच्या. एवढ्यात सगळी साखर खाऊन संपत नाही. लिटरला चाळीस ग्रॅम उरली धरली, तर ७०० मिलिलिटरमागे २८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोकळ्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्के सांगितली, जमल्यास ५ टक्के. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. ‘साखर तर स्कोबी खातो’ असं म्हणत त्या दिवसाची सगळी मर्यादा पेल्यातून संपवत होत्या.

सगळं बंद

मी सगळं बंद केलं. तिन्ही पेयं, दोन आठवडे. शिवाय रोज दोन हिरवी किवी आणि साधं पाणी.

फरक पडला. सकाळी-रात्री बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजायला सांगितलं होतं. आधी सकाळी ८२, रात्री ८८ सेंटिमीटर असायचं. दोन आठवड्यांनी रात्रीचं माप ८५ वर आलं. त्या खूश, मीही खूश. पण शौचाची नोंद बघितली तर तिथे फारसं काही हललं नव्हतं. ब्रिस्टलच्या तक्त्यात शौचाचे एक ते सात प्रकार आहेत, एक म्हणजे सुटे कडक खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. त्यांचा सतत दोनच येत होता. पेयंच कारण असती तर हे बदलायला हवं होतं. उलट जास्तीचं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल शौच सैल करतात, कडक नाही.

हे बोलत असतानाच त्यांनी घड्याळ बघितलं, पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि म्हणाल्या, “जरा पाणी मिळेल? ही आधी सकाळी कोम्बुचाबरोबर घ्यायचे. आता तो बंद, म्हणून कधीही घेते.”

लोहाची गोळी. रोज १०० मिलिग्रॅम लोह, सहा महिन्यांपासून.

आता क्रम पुन्हा लावा. सहा महिन्यांपूर्वी लोह सुरू. महिन्याभराने बद्धकोष्ठ आणि फुगणं. त्यावर उपाय म्हणून, आणखी महिन्याने, कोम्बुचा. त्याने फुगणं वाढलं म्हणून कोम्बुचा दुप्पट, तेवढ्याने भागेना म्हणून तंतूवाला कॅन. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा कारभार. चिठ्ठीतली ती एक ओळ हेच तर सांगत होती. मी ‘काय खाता, काय पिता’ विचारलं; ‘काय गिळता’ हे विचारलंच नाही.

लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं ही काही नवी गोष्ट नाही. शोषलं न गेलेलं लोह आतड्यात राहतं आणि त्रास देतं. इथे एक आणखी पेच होता. कोम्बुचा आंबट असतो, म्हणून त्याबरोबर लोह चांगलं शोषलं जाईल असं त्यांना वाटत होतं. आम्लाने मदत होते हे खरंय, व्हिटॅमिन सीबद्दल तर पक्कं माहीत आहे. पण कोम्बुचा मुळात चहा आहे. चहातली पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारी द्रव्यं) लोहाला धरून ठेवतात. काळ्या चहाचा कप जेवणाबरोबर घेतला तर वनस्पतिजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं, हे प्रयोगांत दिसलंय. चहा आंबवला म्हणून पॉलिफेनॉल नाहीशी होत नाहीत. म्हणजे रोज सकाळी त्या लोहाची गोळी चहाबरोबर गिळत होत्या. कमी शोषलेलं लोह जास्त प्रमाणात आतड्यात राहत असणार. रक्ताचा आकडाही तेच सुचवत होता: हिमोग्लोबिन सहा महिन्यांपूर्वी ९.४, दोन महिन्यांपूर्वी १०.१. गोळ्या नीट लागू पडल्या तर महिन्याभरात साधारण दोनने वाढ अपेक्षित असते. अर्थात पाळीतला रक्तस्राव चालू होता, त्यामुळे सगळा दोष चहाच्या माथी मारता येत नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी दिवसाआड केली. २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह सरासरी २१.८ टक्के शोषलं गेलं, रोज दिलेल्या गोळीतलं १६.३ टक्के. एक गोळी घेतली की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढचे चोवीस तास लोहाला दार अर्धं लावून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या दारावर आपटते. गोळी आता पाण्याबरोबर, चहा-कोम्बुचापासून दोन तास लांब. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या रक्तस्रावावरही औषध बदललं.

तीन आठवड्यांत शौच रोज, प्रकार तीन-चार. रात्रीचं माप ८४.

एकेक परत

इथे फाइल बंद करता आली असती. पण त्यांना कोम्बुचा आवडायचा, आणि मला माझीच एक गोष्ट खटकत होती. एकदम तीन पेयं बंद करून मी नेमकं काय शिकले? काहीच नाही. त्यातलं एखादं निरपराध असेल तर मी ते उगाच हद्दपार केलं होतं.

म्हणून एकेक वस्तू परत आणली. तीन दिवस प्यायचं, तीन दिवस सुट्टी, मग पुढची. वेळ रोज तीच, दुपारी एक. आणि सोबत घड्याळ: त्रास झाला तर पेला संपल्यापासून किती वेळाने, हे लिहायचं. वायू कुठे तयार होतोय याचा अंदाज ज्या वेळेवरून येतो ती वेळ पोटाचं नुसतं वर्णन ऐकून कधीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत ढेकर म्हणजे जठर. दोन-तीन तासांनी गुडगुड म्हणजे न शोषलेली साखर मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचली. पाच-सहा तासांनी सुरू होऊन रात्रभर टिकणारं फुगणं बहुधा तंतूच्या आंबण्याचं.

पहिलं, साधं सोडा वॉटर ३०० मिलिलिटर. त्यांना खात्री होती की याने सगळ्यात जास्त त्रास होणार. वहीत तिन्ही दिवशी एकच ओळ: ‘१० मिनिटांनी दोन-तीन ढेकरा. नंतर काही नाही.’ रात्रीचं माप ८४. मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. २००२ साली अपचन आणि बद्धकोष्ठ असलेल्या २१ जणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. निम्म्यांना किमान पंधरा दिवस कार्बोनेटेड पाणी, निम्म्यांना नळाचं. बुडबुडेवाल्या पाण्याच्या गटात अपचन आणि बद्धकोष्ठ दोन्ही कमी झालं. २१ माणसांवरून कायदा करता येत नाही, पण बुडबुडा म्हटला की पोटाचा शत्रू, हे तरी त्यातून निघत नाही.

दुसरं, रस न घातलेला कोम्बुचा १५० मिलिलिटर, आणि तोही बिनबुडबुड्यांचा. चमच्याने पाच मिनिटं ढवळून, तासभर उघडा ठेवून. चव उतरते, पण वायू आणि साखर वेगळे करून बघायचे तर दुसरा मार्ग नाही. काही नाही. तिसरं, तोच कोम्बुचा रसासकट, ३०० मिलिलिटर, पुन्हा ढवळून शांत केलेला. वहीत: ‘अडीच तासांनी पोटात बोलायला लागलं. वर्गात ऐकू जाईल अशी भीती.’ रात्री ८६. शौच सैल.

चौथं, तो प्रीबायोटिक कॅन. त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास याच्यावर होता, कारण यावर ‘पोटासाठी’ असं छापलेलं होतं आणि साखर जवळपास नव्हतीच. पहिले चार तास काही नाही. संध्याकाळी सहाला सुरुवात, नऊ वाजता ८९. दुसऱ्या दिवशी सकाळीही माप ८२ वर आलं नाही. तिसऱ्या दिवसाचा कॅन त्यांनी घेतलाच नाही, आणि तो हट्ट मी केला नाही.

आता यावर लगेच ‘इन्युलिन वाईट’ अशी पाटी लावू नका. सहा ग्रॅम एकदम, तंतूची सवय नसलेल्या आतड्याला, ही माझी अडचण होती. काही कॅनमध्ये फक्त दोन ग्रॅम तंतू असतो, काहींत नऊ. शब्द दोन्हींवर तोच. दोन ग्रॅमने बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण काही सुधारायलाही ते फार कमी आहे. नऊ ग्रॅम ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम पिणं म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून थेट विहिरीत उडी. तंतू आठवड्या-आठवड्याने वाढवला तर आतड्यातली वस्ती जुळवून घेते.

या सगळ्याला प्रयोग म्हणायला मी कचरते. त्यांना प्रत्येक वेळी माहीत होतं काय पितायत. रसाचा वास झाकता येत नाही. एकच माणूस, तीन-तीन दिवस, आणि रसासकटचा पेला दुप्पट मोठाही होता, ही तर माझीच हलगर्जी. तरी एक गोष्ट बाजूने बोलते: त्यांची अपेक्षा दोनदा उलटी निघाली. ज्याची भीती होती त्याने काही केलं नाही, ज्याच्यावर भिस्त होती त्याने पोट टेपपट्टीच्या बाहेर नेलं.

‘मग कोम्बुचाने पोटाला काही होतच नाही?’

हे त्यांनी विचारलं तेव्हा आवाजात थोडी निराशा होती. चार महिने रोज सायीसारख्या त्या चकतीची काळजी घेतल्यावर येणारच.

ती चकती म्हणजे सेल्युलोज. कोमागाटाएइबॅक्टर जातीचे जीवाणू ते विणतात आणि पृष्ठभागाशी राहतात, कारण त्यांना हवा लागते. खाली यीस्ट साखर फोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, वरचे जीवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. बरणी फडक्याने झाकतात, घट्ट झाकणाने नाही, ते यासाठी. आता हेच जीवाणू मोठ्या आतड्यात गेले तर? तिथे प्राणवायू जवळपास नाही. जे बरणीत वरच्या थरात हवेसाठी धडपडतात ते तिथे घर थाटतील अशी आशा करण्यात अर्थ नाही. काही कोम्बुचांत लॅक्टिक आम्लाचे जीवाणू असतात, काहींत नसतात. पाश्चराइझ केलेल्या बाटलीत जिवंत काहीच उरत नाही. मग काही उत्पादक बॅसिलस कोॲग्युलन्स नावाच्या जीवाणूचे बीजाणू वरून घालतात. ‘प्रोबायोटिक’ या शब्दाला व्याख्या आहे: पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा होतो असं दिसलेले जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या बरणीत कोण, किती, हे मोजलेलंच नसतं.

माणसांवरचे अभ्यास मोजके. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कोम्बुचाच्या फायद्यांवर लिहिलेलं सगळं चाळून माणसांवर केलेला अभ्यास फक्त एक सापडला. २०२३ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या १२ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. रोज २४० मिलिलिटर, चार आठवडे, आणि उपाशीपोटीची साखर सरासरी १६४ वरून ११६ वर आली. उत्सुकता वाढवणारा आकडा आहे, पण १२ माणसं, आणि तो साखरेबद्दल आहे, पोटाबद्दल नाही. आतड्याबद्दल मला जास्त वजनदार वाटतो तो स्टॅनफर्डचा २०२१ मधला अभ्यास: ३६ निरोगी माणसं, दहा आठवडे, एका गटाने तंतू वाढवला, दुसऱ्याने आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटात आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. त्या पदार्थांत कोम्बुचाही होता, पण दही, केफिर, किमची अशा बऱ्याच गोष्टींबरोबर, दिवसाला सरासरी सहा वाढणी. त्यातलं श्रेय कोम्बुचाच्या पेल्यात किती ओतायचं हे त्यावरून काढता येत नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं, आवडतो ना, मग आवडतो म्हणून प्या. औषध म्हणून पिऊ नका, म्हणजे जास्त झालं तर कळेल.

बरणी

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यात कपाटात एक बाटली फुटली होती. काचा दुसऱ्या फळीपर्यंत. “रस जरा जास्त झाला असेल,” त्यांचा अंदाज.

रस निमित्त होता. लिटरमागे चार ग्रॅम साखर पूर्ण आंबली की एक पट वायू होतो. त्यांचा सफरचंदाचा रस लिटरमागे तेरा-चौदा ग्रॅम साखर आणत होता, म्हणजे तीन पटींहून अधिक, शीतपेयाइतकं. इथवर ठीक. पण मूळ कोम्बुचात चाळीस ग्रॅम साखर उरलेली, तिच्यात आणखी दहा पटींचा दारूगोळा आहे. यीस्टला ‘थांब, तीन पट झाली’ हे कळत नाही. गार केल्यावरच ते मंदावतं. उबदार कपाटात चार दिवस बंद बाटली म्हणजे फटाका. आता त्या दोन दिवसांनी बाटल्या फ्रीजमध्ये ठेवतात, आणि एक प्लॅस्टिकची बाटली सोबत भरतात; ती दाबून टणक लागली की काचेच्या बाटल्या फ्रीजमध्ये टाकायच्या.

आणि याच साखरेतून अल्कोहोलही तयार होतं. बंद बाटलीत हवा नाही, त्यामुळे त्याचं आम्ल करणारे जीवाणू थंडावतात, यीस्टचं काम चालू राहतं. घरचा कोम्बुचा दुसऱ्या टप्प्यानंतर अर्ध्या टक्क्याच्या वर सहज जातो. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा रोज ‘आईचा सोडा’ प्यायचा. तो त्याच दिवशी बंद केला. गरोदरपणात, प्रतिकारशक्ती दबलेली असताना, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना घरची बरणी नकोच, हे मी सगळ्यांना सांगते.

बरणी चिनी मातीची होती, आतून चकचकीत, तळाला तोटी. ती दिसली आणि मला १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेलं ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण आठवलं: एका जोडप्याने सिरॅमिकच्या भांड्यात कोम्बुचा केला आणि झिलईतलं शिसं त्या आम्लात उतरून दोघांना विषबाधा झाली. कोम्बुचाचा सामू तीनच्या आसपास, अशा आम्लात आठवडाभर मुरणाऱ्या भांड्याची झिलई कसली आहे हे पाहायलाच हवं. काचेची बरणी घ्यायला सांगितलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात रोज कोम्बुचा पिणाऱ्या दोन बायका रक्तातलं आम्ल वाढून गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक दगावली. कोम्बुचाच कारण असं सिद्ध झालं नाही, पण त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ११५ मिलिलिटरने अपाय होऊ नये असा अंदाज दिला. मी पेल्याची खूण त्याच्या आसपास धरते.

दातांचं त्यांनी विचारलं नव्हतं. थंड लागलं की कळ येते, हे ओघात बोलल्या. साडेपाचच्या खाली सामू गेला की दातांचं कवच विरघळायला लागतं, कोम्बुचा तीन. पेला एकदम संपवणाऱ्यापेक्षा तासभर घुटके घेणाऱ्याच्या दाताला आम्लाची आंघोळ जास्त. जेवणाबरोबर, एका बैठकीत, नंतर पाण्याने चूळ, आणि लगेच ब्रश नाही. दंतवैद्याकडे पाठवलं.

चार महिन्यांनी

हिमोग्लोबिन १२.१. शौच रोज. रात्रीचं माप ८३ ते ८४. पाळीच्या आधीचे चार दिवस ८५. कोम्बुचा १२० मिलिलिटर, दुपारच्या जेवणाबरोबर, बिनरसाचा, आल्याचे दोन काप घालून. सोडा वॉटर हवं तेव्हा. कॅन घरात येत नाही. तंतू जेवणातून हळूहळू वाढवला, दर आठवड्याला थोडा.

पाळीच्या आधी पोट का फुगतं, यातलं किती आतड्याचं आणि किती संप्रेरकांचं, हे आम्ही शोधत बसलो नाही; चार दिवसांचं आहे, चालतं म्हणाल्या. गोळी दिवसाआड केली आणि कोम्बुचापासून लांब नेली, या दोन्ही गोष्टी एकदम केल्यामुळे नेमकी कुठली उपयोगी पडली हेही मला सांगता येणार नाही. पाळीवरचं औषधही त्याच महिन्यात बदललं होतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, बरणीत चकत्या साचल्यात, एकावर एक सात, टाकून देऊ का? द्या टाकून, म्हटलं, पुढच्या बरणीला मागच्यातला आंबट कोम्बुचाच विरजणाला पुरतो. तरी एक त्यांनी त्याच मैत्रिणीला परत दिली. सोबतच्या कागदावर कृती तीच, फक्त खाली लाल पेनाने दोन ओळी जास्त: ‘लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. कपाटात ठेवू नकोस, फ्रीजमध्ये.’